नाडीखालचा डाग आणि मोबाइलचा कॅमेरा

मैत्रिणींनो, साडी नेसताना परकराची नाडी घट्ट आवळायची, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. तिथे काळा पट्टा पडतो, खाज सुटते, कधी कातडी सोलवटते. ‘त्यात काय एवढं’ म्हणत आपण खोबरेल लावतो आणि पुन्हा तिथेच नाडी बांधतो.

२०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्‌स’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन वयस्कर बायकांची हकिकत मांडली. एकीच्या कमरेवरची जखम दीड वर्ष भरत नव्हती, दुसरीची दोन वर्षं. निघाला त्वचेचा कर्करोग. दुसरीचा तर कळेपर्यंत जांघेतल्या गाठीत पसरला होता. दोन वर्षं! घरातल्या कुणी पाहिलंच नसेल, कारण ती दाखवायची जागा नव्हे.

आता दुसरीकडची प्रगती बघा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये सुमारे १ लाख २९ हजार फोटो दाखवून संगणकाला त्वचेचे रोग ओळखायला शिकवलं. फोटोवरून कर्करोग ओळखण्यात तो २१ त्वचारोगतज्ज्ञांच्या तोडीस तोड निघाला. छानच की! पण पुढे २०२२ मध्ये तिथल्याच संशोधकांनी अशा संगणकांची सावळ्या-काळ्या कातडीवर परीक्षा घेतली, तेव्हा ते चाचपडले. शिकताना त्यांनी गोरी कातडीच जास्त पाहिलेली. गोऱ्या रंगाचं वेड फक्त स्थळं बघणाऱ्यांनाच असतं असं नाही!

शिवाय आपल्यासारख्या रंगाच्या माणसांत मेलॅनोमा हा घातक प्रकार बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. गायक बॉब मार्ले १९८१ मध्ये गेला, त्याचा रोग पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झाला होता. म्हणून मोबाइलमधलं एखादं अ‍ॅप ‘सगळं ठीक’ म्हणालं, तरी माझा त्यावर भरवसा नाही. खात्रीचं निदान तुकडा काढून तपासल्यावरच होतं.

मग कॅमेरा टाकाऊ का? मुळीच नाही. डाग वाढतोय का, हे रोज बघणाऱ्या डोळ्यांना कळत नाही, दोन महिन्यांच्या दोन फोटोंत कळतं. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, शेजारी एक रुपयाचं नाणं धरून फोटो काढा. एक लांबून, एक जवळून. चेहरा नको. पाठ-कंबर स्वतःला टिपता येत नाही, तर जावेला, बहिणीला, लेकीला सांगा. लाजायचं कशाला?

जखम महिनाभरात भरली नाही, डागाचा आकार-रंग बदलला, रक्त आलं, तर फोटो घेऊन थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा. गावात नसतील तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगा, ‘ई-संजीवनी’वरून ते मोठ्या डॉक्टरांचा सल्ला घेऊ शकतात.

आणि नाडी आजपासून सैल बांधा. जमलं तर तिच्या जागी रुंद पट्टा शिवून घ्या, कापड घरातच असतं.