माझा 'सा' कोणता?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

नववीत असताना पंधरा ऑगस्टच्या समूहगीतातून मला काढून टाकले होते. गाणे बसवणाऱ्या सरांनी पेटीवर सूर धरला, मुलांनी तो उचलला. मी गाऊ लागले तर खालचे सूर घशातच विरून जात, आणि वरच्या सप्तकात घ्यावे तर ओरडल्यासारखे होई. "हिला सूर लागत नाही," एवढे एकच वाक्य झाले आणि मी रांगेतून बाहेर आले.

त्या वाक्यावर मी तीन वर्षे विश्वास ठेवला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आपल्याला काय येते आणि काय येत नाही, हे शिकलेली माणसेच सांगणार, असे मनात पक्के बसलेले होते.

बारावीच्या सुट्टीत गावात सप्ताह होता. आमच्या भजनी मंडळाची पेटी आबा वाजवतात. दिवसा हळदीचे रान आणि रात्री पेटी, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. शाळा चौथीपर्यंत. मी मागे बसून नुसते ओठ हलवते आहे, हे त्यांनी पाहिले. भजन संपल्यावर त्यांनी जवळ बोलावले. मी नववीची हकीकत सांगितली.

"कोणत्या पट्टीत गायला लावलं व्हतं?"

"मला काय माहीत, आबा."

"काळी एक असंल. ती बाप्यांची पट्टी हाय, माय. हे बघ, तुझी काळी चार."

त्यांनी भाता हलवला, काळी चार दाबली आणि मी 'सा' लावला. तो लागला. तेच गाणे, तीच मी, तोच गळा. बदलला होता फक्त एक आकडा.

मित्रमैत्रिणींनो, या आकड्याविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत. गाण्यात आकडे आणणे म्हणजे गाण्याचा गणिताचा तास करणे, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. पेटी शिकणारा मुलगा वहीत 'काळी चार, पांढरी एक' असे लिहू लागला की जाणकार हसतात. मला वाटते, हसण्याआधी आपण या आकड्यांचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत.

पहिला प्रकार जागेचा. पेटीच्या एका सप्तकात बारा पट्ट्या असतात, सात पांढऱ्या आणि पाच काळ्या. दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी ती पांढरी एक. तेथून पांढऱ्या एक ते सात, काळ्या एक ते पाच. हे नंबर आपल्या गावोगावच्या भजनी मंडळांना तोंडपाठ आहेत. नर्सीच्या वाटेवरच्या दिंडीत किंवा औंढ्याच्या देवळात कोणी "काळी चार द्या" म्हटले की पेटीवाल्याला दुसरे काही विचारावे लागत नाही. घराचा नंबर म्हणजे घर नव्हे, हे खरे. पण पोस्टमनला दार सापडते ते नंबरामुळेच.

दुसरा प्रकार पायरीचा. 'सा' ही पहिली पायरी धरली की 'ग' तिसरी आणि 'प' पाचवी. हा 'सा' कोठेही ठेवा, पायऱ्यांचे नाते बदलत नाही. खरे पाहता आपले सा-रे-ग-म हे आकडेच आहेत, फक्त ते अक्षरांच्या वेषात आलेले आहेत.

घोटाळा होतो तो या दोहोंची गल्लत केल्यामुळे. पांढरी एकला 'सा' मानले तर सातही शुद्ध स्वर पांढऱ्यांवरच येतात. म्हणून नवशिका पहिले पाच स्वर 'एक, दोन, तीन, चार, पाच' असे पाठ करतो. आता काळी चारला 'सा' माना. तेच पाच स्वर होतात काळी चार, काळी पाच, पांढरी एक, काळी एक, काळी दोन. ज्याने जागा पाठ केली तो येथे अडतो. ज्याने पायरी ओळखली तो अडत नाही. हल्ली इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर पट्टी बदलण्याचे बटण असते, आणि स्केलचेंजर पेटीत पट्ट्यांची रांगच सरकवता येते. सोय मोठी आहे. पण बटण दाबणाऱ्याला आपण काय बदलले हे कळले नाही, तर तो जन्मभर पांढरी एकच्याच अंगणात राहील.

आकड्यांची ही ओढ काही आपल्या गावापुरती नाही. राज्यशास्त्राच्या पुस्तकात आपण ज्या रूसोचा सामाजिक करार वाचतो, त्याच रूसोने १७४२ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे स्वरांना एक ते सात आकडे देऊन संगीत लिहिण्याची पद्धत मांडली होती. अकादमीने ती उचलून धरली नाही. रामो या संगीतकाराने आक्षेप घेतला की रेघांवरच्या खुणांत सुरांची चढउतार एका दृष्टिक्षेपात दिसते, आकडे मात्र एकेक करून वाचावे लागतात. आक्षेप खोटा नव्हता. तरीही चीनमध्ये आज असंख्य लोक आकड्यांच्या लिपीवरूनच गाणे शिकतात. अमेरिकेत नॅशव्हिल शहरातल्या वादकांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॉर्ड आकड्यांनी लिहायला सुरुवात केली. एक, चार, पाच एवढे लिहिले की झाले. म्हणजे आपल्या भाषेत सा, म आणि प यांवर उभारलेले कॉर्ड. गायकाचा आवाज आज चढा असो की उतरलेला, कागद बदलावा लागत नाही. दक्षिणेत तर बहात्तर मेळांना क्रमांकच दिलेले आहेत. आपला कल्याण थाट तेथे पासष्टावा, मेचकल्याणी.

आपल्याकडे पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी राग दहा थाटांत बसवले आणि स्वरलिपीत शेकडो चिजा छापून काढल्या. त्यावर टीका झाली, आजही होते. पण ज्याच्या घरात गवई नाही, ज्याला गुरूच्या घरी राहून शिकणे शक्य नाही, त्याच्या हातात काहीतरी कागद आला तो अशा माणसांमुळे. ही गोष्ट घराणेवाल्यांना लहान वाटेल. आम्हांला वाटत नाही.

मात्र आकड्याकडून सगळेच मागू नये, हेही मला मान्य आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले आणि प्रत्येक श्रुतीची कंपनसंख्या मोजून मांडली. पुढे क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची पेटीही तयार झाली. परंतु १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर एकमत झाले नाही. मुद्दा साधा आहे. 'सा' दर सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गांधार ३०० वर असतो, आणि समान अंतराने लावलेल्या पेटीत तोच साधारण ३०२.४ वर जातो. हा फरक तयार कानाला बोचतो. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दूर ठेवले, त्यामागे हेही एक कारण होते. आणि गांधार नेमका ३०० वर आणला तरी मींड कोठून निघाली आणि कोठे विसावली, हे कोणता आकडा सांगणार? ते कानानेच शिकायचे. आकडा दारापर्यंत नेतो. आत आपले आपण जायचे असते.

पण दारापर्यंत तरी जाऊ द्या! माझे म्हणणे एवढेच आहे. मला दारातूनच परत पाठवले, कारण माझी पट्टी कोणी विचारली नाही. सरांनी मोजले ते बरोबरच मोजले. फक्त मोजायला सुरुवात त्यांच्या 'सा'पासून केली. माझ्यासारख्या किती मुली "सूर लागत नाही" हे वाक्य घेऊन सासरी गेल्या असतील आणि पुढे जात्याजवळ किंवा देवळातही मोकळ्या गळ्याने गायल्या नसतील? त्यांच्यातल्या काहींना खरेच सूर नसेल. पण तपासले कोणी?

मुले आणि मुली एकत्र गाऊ शकत नाहीत असे नाही. पंडित जसराज यांनी जसरंगी नावाचा जुगलबंदीचा प्रकार रूढ केला. त्यात पुरुष आणि स्त्री आपापल्या पट्टीत, आपापला राग गातात. पुरुषाचा मध्यम तोच स्त्रीचा षड्ज असतो. पुरुष काळी एकमध्ये गात असेल तर स्त्रीचा 'सा' काळी तीनवर येतो. दोघांपैकी कोणालाही गळा ताणावा लागत नाही. एवढ्या थोर गायकाने जे मैफलीत केले, त्यातला थोडासा विचार आपल्या समूहगीतातही करता येईल. निदान कडवी वाटून घेता येतील आणि मुलींच्या कडव्याला पट्टी बदलता येईल.

म्हणून आपल्या स्नेहसंमेलनाच्या समितीला माझी एक विनंती आहे. गाण्याच्या निवडीच्या वेळी नाव आणि वर्ग लिहून घेता, त्याच ओळीत पट्टीचाही एक रकाना ठेवा. ज्याला आपली पट्टी माहीत नाही, त्याच्याकडून पाच मिनिटे पेटीवर ती शोधून घ्या. मग बेसूर म्हणायचे तर खुशाल म्हणा. आम्ही ऐकून घेऊ.

परवा गावी गेले तेव्हा आबांना म्हटले, "आबा, मी मासिकात पट्टीवर लेख लिहितेय." ते हसले. "पट्टीवर काय लिव्हायचं? ती इचारायची असती," म्हणाले.

एवढ्या शब्दांत मला जे सांगता आले नाही, ते आबांनी एका वाक्यात सांगितले.