हमालांनी आधीच सोडवलेलं गणित

पुण्याच्या मार्केट यार्डात, भुसार बाजारात ट्रक लागला की हमालांची टोळी त्याला भिडते. सकाळी एका आडत्याची ज्वारी, दुपारी दुसऱ्याचा गूळ. काम आलं तर मजुरी, नाही आलं तर पोत्यांना पाठ टेकून बसायचं. आज ज्याला आपण ‘गिग’ म्हणतो, ते हा माणूस पिढ्यान् पिढ्या करत आला आहे. त्याच्या खिशात ॲप नव्हतं, एवढंच.

हमाल आपला नोकर नाही, मग त्याचा फंड आपण का भरायचा, हा व्यापाऱ्यांचा युक्तिवाद जुनाच. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीच्या रेट्यातून 1969 साली माथाडी कायदा आला आणि त्याने हा वादच बाजूला सारला. नोकर कुणाचा हे ठरवत बसू नका, म्हणाला. पोतं उचललं ना, मग मजुरी माथाडी मंडळाकडे भरा आणि वर लेव्ही भरा. बऱ्याच मंडळांत ही लेव्ही मजुरीच्या 30 टक्क्यांहून जास्त आहे. तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचे पैसे, दवाखाना. मालक पन्नास असले तरी खातं एकच. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने याच हक्कांसाठी वर्षानुवर्षं रस्त्यावर ठाण मांडलं.

मंडळांचा कारभार काही सोवळा नाही. बोगस माथाडींच्या नावाने चालणारी खंडणी चाकणच्या कुठल्याही कारखानदाराला विचारा. पण उंदीर झाले म्हणून कुणी धान्याचं कोठार पाडत नाही.

आमच्या कोपऱ्यावरच्या बिर्याणीवाल्यासमोर रात्री दहा-पंधरा डिलिव्हरीवाले गाड्यांवर बसलेले असतात. परवा त्यातल्या एकाने मोबाइल माझ्यापुढे धरला. “काका, दोन ऑर्डरी मारल्या की इन्सेंटिव्ह. पण साडेदहापासून घंटीच नाही.” कंपनी मुद्दाम करते, अशी त्याची खात्री. खरं असेल, नसेलही. पण त्याने विचारायचं कुणाला? हमालाला मुकादमाशी निदान तोंडावर भांडता तरी यायचं. या पोराच्या तक्रारीला चॅटवर तयार उत्तर येतं आणि फार भांडला तर आयडी ब्लॉक होईल, ही धास्ती.

नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालानुसार असे गिग कामगार 2020-21 मध्ये 77 लाख होते. 2029-30 पर्यंत ते 2 कोटी 35 लाख होतील. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता 2020 ची, लागू झाली नोव्हेंबर 2025 मध्ये. तिच्यानुसार कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यायचे, तेही कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या आत. लेव्हीशी ताडून पाहा. राज्यांत पहिला कायदा केला राजस्थानने, 2023 मध्ये. नंतर 2025 मध्ये कर्नाटकाने. दर व्यवहारामागे पैसे कापून कल्याण निधीत टाकायचे, ही दोन्हीकडची पद्धत. आमच्याच माथाड्यांची! आणि आम्ही मागे राहिलो.

हक्क दिले तर पोरांची लवचीकता जाईल, असं कंपन्या सांगतात. हमालाची कुठे गेली? त्याची लेव्ही पोत्यामागे होती, हजेरीमागे नव्हती. इथे तर हिशेब आणखी सोपा. आपल्या बिलावर पॅकेजिंगचे पैसे दिसतात, प्लॅटफॉर्म फी दिसते, पावसाचे वेगळे दिसतात. त्यात आणखी एक ओळ कॉम्प्युटरला जड नाही.

तरी मला विचाराल तर आधी फंड नको, आधी कारण द्या. कर्नाटकाच्या कायद्यात काम बंद करण्याआधी लेखी कारण आणि 14 दिवसांची नोटीस देण्याची तरतूद आहे. फंड कामाला येतो म्हातारपणी. आयडी आज रात्री ब्लॉक झाला, तर गाडीचा हप्ता पाच तारखेला बाउन्स होतो.