सायकल आपल्या मापाची हवी

पाच फूट एक इंच उंचीच्या बाईला सायकलच्या दुकानात ठरलेलं उत्तर मिळतं : ‘सवय होईल, मॅडम.’ हँडल धरायला हात ताणावे लागतात, ब्रेकच्या दांडीला बोटं पुरत नाहीत, वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासतं. घाटाच्या उतारावर हे जिवावर बेतू शकतं. म्हणून माझं ठाम मत आहे, की मापाची सायकल हा आधी सुरक्षिततेचा प्रश्न आहे, हौसेचा नंतर.

यंदा मी स्वतःसाठी सायक्लोक्रॉस सायकल बांधून घेतली. हा खेळ युरोपातला. हिवाळ्यात रस्त्यावरच्या शर्यती थांबल्या, की चिखलात आणि झाडीत रंगणारा. अडथळा आला की उतरायचं, सायकल खांद्यावर टाकायची आणि पळत सुटायचं. त्यामुळे हँडल रेसिंग सायकलसारखं वाकडं. पण टायर खाचांचे, आणि चिमट्यात चिखल अडकू नये इतकी मोकळी जागा. १९५० साली पॅरिसला झालेलं पहिलं जागतिक अजिंक्यपद जाँ रोबिकने जिंकलं. त्याची उंची होती १६१ सेंटीमीटर. बुटक्या माणसाला हा खेळ झेपत नाही, असं म्हणायला जागाच नाही.

फ्रेम बांधणाऱ्या कारागिराने आधी फीत काढली. पायांची आतली उंची, धड, हात, खांदे अशी मापं कागदावर उतरली आणि मगच नळ्या कापल्या गेल्या. ब्लाउज शिवताना जे आपण गृहीत धरतो, ते सायकलच्या बाबतीत मला पहिल्यांदाच अनुभवायला मिळालं. नेहमीची मोठी चाकं छोट्या फ्रेमला लावली, की बूट घासतो. ते टाळायला फ्रेम लांबवली, की हात पोचत नाहीत. आम्ही ६२२ ऐवजी ५८४ मिलीमीटर व्यासाची रिम घेतली आणि दोन्ही अडचणी एकदम सुटल्या. क्रँक १६५ मिलीमीटरचे, हँडल ३८ सेंटीमीटरचं. शर्यतीत ३३ मिलीमीटरपेक्षा रुंद टायर चालत नाही. मला आपल्या रस्त्यांवर फिरायचं होतं, म्हणून ४२ चे बसवले.

चाकं बांधली आमच्या गल्लीतल्या मेकॅनिककाकांनी. बत्तीस आरे ओवून झाल्यावर ते एकेक आरा बोटाने छेडत, कान देत आणि निपल पाव फेरा फिरवत. असा दोन्ही चाकांचा आउट काढला. बॉटम ब्रॅकेट मी मुद्दाम आट्यांचाच घेतला. त्याच्या उजव्या कपाचा आटा उलटा असतो, हे त्यांना सांगावं लागलं नाही. जी सायकल कोपऱ्यावर दुरुस्त होते, तीच वर्षानुवर्षं चालते.

पहिली फेरी बोपदेव घाटाची. चढ दमवतोच, पण खांदे अवघडले नाहीत. भिवरीच्या पुढे डांबर सोडून गराड्याच्या बाजूला मुरमाच्या वाटेला लागले. एके ठिकाणी ओढ्याने वाट कापून नेली होती. उतरले, सायकल खांद्यावर घेतली, दगडांवरून पलीकडे गेले. वरच्या नळीची जागा माझ्या खांद्याच्या हिशेबाने ठेवलेली असल्याने ती कुठे रुतली नाही. परतताना घाटाच्या वळणांवर दोन बोटांनी ब्रेक दाबला आणि सायकल हवी तिथे थांबली. इतक्या वर्षांत उतारावर मी पहिल्यांदाच निर्धास्त होते.

अशी सायकल बांधून घेणं प्रत्येकीला परवडणार नाही, हे खरं. म्हणून ही जबाबदारी कंपन्यांनी आणि दुकानांनी उचलायला हवी. लहान फ्रेमला लहान चाकं, आखूड क्रँक, जवळ येणारी ब्रेकची दांडी. यात अवघड काही नाही. लुधियानातल्या कारखान्यांना हे सहज जमेल. सीट खाली केली म्हणजे माप झालं, ही समजूत मात्र सोडावी लागेल.

शासनाकडेही एक मागणी आहे. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळतं. गावापासून शाळेपर्यंत रोज खडबडीत रस्ता तुडवणाऱ्या या मुलींना मापाची गरज माझ्यापेक्षा जास्त आहे. अनुदानासाठी खरेदीची पावती बघताना मुलीची उंची आणि फ्रेमचं माप यांचीही नोंद घ्यावी. त्याला वेगळा निधी लागत नाही. शाळेत एक फीत असली की पुरे.