छताला काच, डिकीला चाट

घोडबंदर रोडवरच्या एका शोरूममध्ये नवी हायब्रिड बघायला गेलो होतो. विक्रीवरचा मुलगा गोड होता. त्याने आधी छताचा पडदा सरकवून काच दाखवली. मग दाराच्या कडेची दिव्याची पट्टी जांभळी, निळी, मोरपंखी करून दाखवली. मग मागच्या बंपरखाली हवेत लाथ मारली आणि डिकी आपोआप उघडली. मी म्हटलं, "बोनेट उघड." तो थबकला. बोनेटचा खटका त्याला शोधावा लागला.

मी डोंबिवलीत राहतो, नोकरी वागळे इस्टेटला. मानपाडा, कटई नाका, शिळफाटा, मुंब्रा बायपास हा रोजचा प्रवास. तिथे गाडी चालत नाही, सरकते. डावा पाय क्लचवर आणि जीव पुढच्या टेम्पोच्या ब्रेकलाइटवर. हायब्रिड नावाची वस्तू कुणासाठी जन्माला आली असेल तर ती आमच्यासाठी. 1997 साली जपानमध्ये टोयोटाची प्रियस आली, तेव्हापासून मर्म तेच आहे. गाडी रांगते तेव्हा इंजिन बंद राहतं, मोटर ओढते. ब्रेक दाबला की एरवी उष्णता होऊन वाया जाणारा जोर वीज होऊन बॅटरीत जातो. एसीचा कंप्रेसरही विजेवर, त्यामुळे इंजिन झोपलेलं असतानाही आत गारवा. मोकळ्या हायवेवर हिचा फायदा आटतो, जाममध्ये फुलतो. पेट्रोलगाडीचं जिथे दिवाळं निघतं, तिथे हिची दिवाळी.

इतकी शहाणी यंत्रणा हाताशी असताना नवं मॉडेल म्हणून आमच्यापुढे काय ठेवतात? काच, दिवे आणि पडदे.

त्या काचेचंच घ्या. मारुतीच्या ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिडमधली बॅटरी 0.76 किलोवॅट-अवरची, म्हणजे महावितरणच्या बिलातलं पाऊण युनिट. घरातला दीड टनाचा एसी तेवढ्यावर अर्धा तास चालला तरी पुष्कळ. या पाऊण युनिटात गाडीही ओढायची आणि माणसंही गार ठेवायची. अशा गाडीच्या डोक्यावर तुम्ही हातभर रुंद काच बसवता! मे महिन्यात, दुपारी दोनला, कटई नाक्यावर. वरून ऊन, ऊन म्हणून एसी जोरात, एसी जोरात म्हणून बॅटरी खाली आणि बॅटरी खाली म्हणून इंजिन चालू. ज्या इंजिनाला झोपवण्यासाठी जास्तीचे पैसे मोजले, त्यालाच छतातून ऊन घालून उठवायचं. पडदा ओढा म्हणाल, तर मग काच कशाला? आणि उघडून तरी काय बघायचं? शिळफाट्यावर वर बघितलं तर कंटेनरचं बूड दिसतं.

ग्रँड व्हिटाराचं जाहिरातीतलं ॲव्हरेज लिटरला 27.97 किलोमीटर. हा आकडा ठरावीक वेगाच्या तक्त्यावर, चाचणीच्या खोलीत काढलेला असतो. त्या खोलीत रिक्षा आडवी येत नाही. तरीही शोरूममधल्या कागदावर तो सगळ्यात मोठ्या टायपात.

आता डिकी. ग्रँड व्हिटाराच्या साध्या पेट्रोलमध्ये 373 लिटर जागा, हायब्रिडमध्ये 265. होंडा सिटीची हायब्रिड तर 2022 मध्ये 506 वरून 306 वर आली. बॅटरी मागे ठेवली की जागा जाणार, हे भौतिकशास्त्र आहे असं आम्हाला सांगतात. बरं. मग सप्टेंबर 2025 मध्ये मारुतीनेच व्हिक्टोरिस आणली, तिच्यात सीएनजीची टाकी गाडीच्या पोटाखाली बसवली आणि डिकी मोकळी केली. म्हणजे मनात आलं की भौतिकशास्त्र वाकतं! पण त्याच व्हिक्टोरिसच्या हायब्रिडमध्ये बॅटरी मागेच आणि डिकीला चाट. त्या अर्ध्या डिकीला हवेत लाथ मारून उघडणारं विजेचं झाकण मात्र आहे. गणपतीला कोकणात जाऊन येणाऱ्या माणसाला हे कसं समजावायचं? तांदळाचं पोतं, नारळ आणि सासूबाईंनी बांधून दिलेली गाठोडी काय त्या 64 रंगांच्या दिव्यात ठेवायची?

सगळंच वाईट नाही, हे कबूल करतो (डोंबिवलीकराला हे जड जातं). एप्रिल 2025 मध्ये ग्रँड व्हिटाराच्या सगळ्या मॉडेलांत सहा एअरबॅग दिल्या, उत्तम. त्याआधी जुलै 2023 मध्ये हायब्रिडला पादचाऱ्यांना सावध करणारा आवाज जोडला, कारण मोटरवर ती मांजरासारखी येते. किंमत 4,000 रुपयांनी वाढवली, तरी हा बदल मला पटला. आमच्या फडके रोडच्या कलकलाटात तो ऐकू येईल का, ही वेगळी गोष्ट.

पण हायब्रिड हवी तर मोठीच घ्या, ही जबरदस्ती कशासाठी? एप्रिल 2025 मध्ये ग्रँड व्हिटाराच्या खालच्या डेल्टा प्लस मॉडेलात ती यंत्रणा दिली, तर तेव्हा किंमत 16.99 लाख, तीही एक्स-शोरूम. सरकारही साळसूद नाही. विजेच्या गाडीला जीएसटी 5 टक्के आणि मोठ्या हायब्रिडला 22 सप्टेंबर 2025 पासून 40. मात्र चार मीटरच्या आतली, 1200 सीसीपर्यंतची पेट्रोल हायब्रिड असेल तर 18 टक्केच. सरकारने दार उघडं ठेवलं, आत यायला गाडीच नव्हती. 2025 संपलं तरी कुणी अशी छोटी, नुसत्या मोटरवरही चालणारी (स्ट्राँग) हायब्रिड आपल्या बाजारात आणली नव्हती. व्हिक्टोरिसची लांबी 4,360 मिलिमीटर. ती कुणी आमच्या सोसायटीच्या स्टिल्टमध्ये, दोन खांबांच्या मधे लावून दार उघडून बाहेर पडून दाखवावं, मी सत्कार करतो. बाहेर लावायची तर सम-विषम तारखांच्या पी-1, पी-2 च्या पाट्या. आमच्या ठाण्याचेच परिवहनमंत्री प्रताप सरनाईक मे 2025 मध्ये म्हणाले की पार्किंगचा दाखला नसेल तर नव्या गाडीची नोंदणी नाही. ते खरंच अमलात आलं तर गाडीची लांबी हीच सगळ्यात मोठी डिझाइनची बाब ठरेल, आणि त्यावर शोरूममध्ये कुणी अवाक्षर काढत नाही.

मला हवी ती गाडी चार मीटरच्या आतली. पत्र्याचं छत. एसीला हाताने फिरवायची बटणं, कारण खड्ड्यात आदळताना पडद्यावर बोट नेम धरत नाही. साधी चाकं, जाड टायर, पोटाखाली बॅटरी. दिवा पांढरा चालेल.

तोवर शोरूमवाल्याच्या घोडबंदरच्या सकाळी अकराच्या मोकळ्या फेरीला भुलू नका. त्याला सांगा, टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी साडेसातला, शिळफाट्यावर, एसी लावून. आणि जाताना घरातली सगळ्यात मोठी बॅग बरोबर न्या.