छपरावर कोण चढणार?

‘‘आलं काय?’’

‘‘नाही जी! अजून थोडं तिकडं... थांबा, थांबा! आलं होतं, गेलं.’’

मैत्रिणींनो, हा संवाद कुठला ते सांगायला नको. एक जण कवेलूवर, एक टीव्हीसमोर, आणि कणकेच्या हातानं दारात उभी राहून इकडचा निरोप तिकडं ओरडून सांगणारी तिसरी. ती तिसरी बहुतेक आपल्यापैकीच कुणीतरी.

माझं माहेर चंद्रपूर जिल्ह्यातलं मूल. मातीच्या जाड भिंती, सागाच्या मयाली, वर कवेलू. उन्हाळ्यात गारवा असा की पंखा नको. पण टीव्हीच्या दृष्टीनं हे घर म्हणजे शिक्षाच! १९८४ साली देशभर दूरदर्शनची छोटी प्रक्षेपण केंद्रं भराभर उभी राहिली, पण त्यांची धाव वीस-पंचवीस किलोमीटरची. त्यापुढं लहरी पोचेपर्यंत क्षीण व्हायच्या, त्यात मध्ये जंगल आणि टेकड्या. मग उपाय एकच, अँटेना उंच न्यायची. आमच्याकडं बांबूला काय तोटा! दोन बांबू एकाला एक जोडून बांधायचे आणि वर ती अल्युमिनियमच्या काड्यांची शिडी. तिच्यावर वानरांनी झोका घेतला की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

१९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झालं, त्याच वर्षी आमच्याकडं टीव्ही आला. पुढं १९८८ मध्ये ‘महाभारत’. रविवारी सकाळी अर्धी आळी आमच्या छपरीत. चित्र हललं की चार पोरं कवेलूवर चढायला तयार. क्रिकेट असलं तर बाबा स्वतः. दर चढण्याला दोन-तीन कवेलू फुटायचे. ते कुणी मोजायचं नाही. मृगाचा पाऊस लागला की मात्र मोजदाद व्हायची, कारण जिथं गळेल तिथं गंगाळ, गुंड, पातेलं ठेवायचं काम आईचं होतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दुपारची ‘दामिनी’ सुरू झाली. प्रतीक्षा लोणकरांची ती पत्रकार दामिनी आठवते ना? आईच्या दिवसातला तेवढाच अर्धा तास तिचा स्वतःचा. पण दुपारी घरात कुणी नसायचं. पडद्यावर नुसत्या मुंग्या. चित्र गेलं तरी आवाज बराच वेळ टिकतो, म्हणून आई तांदूळ निवडत ‘दामिनी’ ऐकायची. कितीतरी महिने तिनं ती मालिका पाहिली नाही, ऐकली. संध्याकाळी सांगायची, ‘‘अँटेना फिरली आहे, जरा पाह्यता का?’’ उत्तर ठरलेलं, ‘‘उद्या पाहू.’’ अन् शनिवारी मॅच आली की तो उद्या बरोबर उजाडायचा!

एके दिवशी तिनं पदर खोचला, शिडी लावली आणि स्वतःच वर गेली. शेजारच्या काकू अंगणातून ओरडल्या, ‘‘अवं बाई, बाईमाणूस कवेलूवर?’’ तीन कवेलू फुटले, पण चित्र आलं. संध्याकाळी बाबा म्हणाले, ‘‘आम्हाला सांगायचं ना!’’ आई म्हणाली, ‘‘सांगितलं होतं. मागच्या मंगळवारी.’’

रिमोट कुणाच्या हातात, यावर आपण बायका पुष्कळ बोलतो, लिहितो. पण रिमोट येण्याच्याही आधीपासून घरात एक प्रश्न होताच. कुणाच्या कार्यक्रमासाठी छपरावर चढायचं आणि कुणाच्या कार्यक्रमासाठी ‘उद्या’? बिघाड अँटेनात असला तरी दुरुस्तीचा नंबर घरातल्या माणसांचा लागायचा.

आता त्या काड्यांच्या अँटेना गेल्या. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची विनाशुल्क छत्री आली, आज तिला फ्री डिश म्हणतात. २०२२ पर्यंत जुनी प्रक्षेपण केंद्रं जवळजवळ सगळी बंद झाली. छत्रीला उंची लागत नाही, मोकळं आकाश लागतं. आपल्या भागात फ्री डिशच्या छत्रीचं तोंड आग्नेयेला, बरंच वर. म्हणजे चुलीचीच दिशा म्हणा ना!

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि २० जुलैपासून सह्याद्रीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ सुरू झाली. आरमोरी तालुक्यात माझ्या नणंदेचं घर, तिची पोरगी तेव्हा सातवीत. गावात मोबाइलला रेंज नाही. छत्री उन्हाळ्यात बसवलेली, कवेलूवर, नेमकी सागामागं. उन्हाळ्यात साग निष्पर्ण, तेव्हा चित्र आरशासारखं. जुलैत त्याला सुपाएवढी पानं फुटली, त्यावर पाऊस, आणि पडद्यावर ‘सिग्नल नाही’. नंदोई म्हणाले, ‘‘रोवणी आटपू दे, मग पाहू.’’ रोवणी आटपेस्तोवर पोरीचे किती पाठ बुडाले असते?

नणंद बाई आईसारखी शिडी चढली नाही. तिनं छत्रीच खाली उतरवून घेतली. अंगणात जिथून आग्नेयेचं आकाश उघडं दिसतं, तिथं लोखंडी पाइप गाडला आणि कंबरेच्या उंचीवर छत्री कसली. आत पोरगी टीव्हीवरचा सिग्नलचा पट्टा बघून ओरडत होती, बाहेर ही नट सैल करून बोटभर फिरवत होती. तासाभरात जमलं. वायरच्या जोडाला पाणी जाऊ नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. मुसळधार पावसात चित्र अजूनही जातं, ते कुणालाच चुकत नाही. पण पाऊस ओसरला की आपोआप येतं.

तुमच्याकडं छत्री बसवायची असेल तर पावसाळ्यातच बसवा, झाडं भरलेली असताना. आणि पाइप अंगणात असला की त्याला कपड्यांची दोरी बांधायचा मोह होतो. नणंदेनं बांधली होती. ओली लुगडी वाळत घातली, पाइप कलला, आणि आतून पोरगी ओरडली, ‘‘आई व, गेलं!’’