विश्लेषण : कोकणातील जुनी पवनचक्की ‘वारसा’ ठरू शकते का?

जुन्या, कमी क्षमतेच्या पवनचक्क्या उतरवून त्या जागी मोठी यंत्रे बसवता यावीत किंवा जुन्यांचे आयुष्य वाढवता यावे, यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये सुधारित धोरण आणले. विजेच्या हिशेबाने ते योग्यच आहे. मात्र पहिल्या पिढीतले एखादे तरी यंत्र जपायचे का, हा प्रश्न त्यात राहून गेला. कोकणात तो देवगडच्या कड्यावर उभा आहे.

पहिली पिढी कोणती?

देशातील पहिले पवनऊर्जा प्रकल्प १९८६ च्या सुमारास गुजरात, तमिळनाडू आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रात्यक्षिक म्हणून उभे राहिले. त्यातली यंत्रे अवघ्या ५५ किलोवॅटची होती. आज ३ मेगावॅटचे एक यंत्र अशा ५० हून अधिक यंत्रांइतके असते. पुढे हा उद्योग किनारा सोडून साताऱ्याच्या वनकुसवडे, चाळकेवाडी पठारांवर गेला. देवगडच्या पवनचक्क्या मात्र पर्यटकांच्या फोटोत राहिल्या. महाड, पोलादपूरहून महामार्गाने तळकोकणात जाणाऱ्यांपैकी अनेकांनी पवनचक्की जवळून पाहिली ती तिथेच.

धोरण काय सांगते?

२ मेगावॅटपेक्षा कमी क्षमतेची किंवा आयुर्मान संपलेली यंत्रे बदलण्यास पात्र ठरतात. म्हणजे पहिली पिढी सगळीच त्यात बसते. उतरवलेल्या मनोऱ्याचे पोलाद भंगारात जाते. फायबरची पाती मात्र भंगारवालाही सहसा घेत नाही.

कायद्याने संरक्षण मिळेल?

सध्या तरी नाही. रायगडासारख्या केंद्र संरक्षित स्मारकांना लागू असलेल्या १९५८ च्या कायद्यात वास्तू किमान १०० वर्षे जुनी असावी लागते. १९८६ ची पवनचक्की त्या अटीत बसेल २०८६ मध्ये. खारा वारा तोवर थांबणार नाही. २०२० च्या ‘निसर्ग’ वादळाने रायगड जिल्ह्यात काय केले ते वाचकांना सांगायला नको. गंजलेला मनोरा आणि बंद पाती हा अशा वेळी वारसा नव्हे, धोका असतो.

इतरत्र काय केले जाते?

नेदरलँड्समध्ये एकेकाळी सुमारे १० हजार पवनचक्क्या होत्या, आज हजाराच्या आसपास उरल्या आहेत. त्या वाचवण्यासाठी तिथे १९२३ मध्ये संस्था स्थापन झाली. किंडरडाइकच्या १९ चक्क्या १९९७ मध्ये युनेस्कोच्या यादीत आल्या. त्याहून महत्त्वाची घटना २०१७ ची : युनेस्कोने चक्की चालवण्याचे कसबच अमूर्त वारसा मानले. कारण साधे आहे. लाकडी चक्की फिरती राहिली तर टिकते, बंद पडली की कुजते. म्हणून तिथे स्वयंसेवक शिकून चक्क्या चालवतात.

आपल्याकडेही असे उदाहरण आहे. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की डोंगरातून नहरीने आलेल्या पाण्यावर चालत असे. नहर नीट राहिली तरच त्या चाकाला अर्थ. नाही तर ती नुसती शोभेची वस्तू.

मग काय शक्य आहे?

सगळा प्रकल्प जपण्याचा हट्ट व्यवहार्य नाही. जुन्या यंत्रांचे सुटे भाग मिळणे अवघड आणि कड्यावरची देखभाल महाग. पण एक यंत्र खाली उतरवून, गिअरबॉक्स आणि जनित्र उघडे दिसेल असे, शक्य तर हाताने फिरवता येईल असे मांडता येते. त्याला १०० वर्षांची अट लागत नाही. यंत्र बदलण्याच्या निविदेत एक कलम घातले तरी पुरे. राज्याच्या ऊर्जा विकास अभिकरणाने, ‘मेडा’ने, ते ठरवायला हवे. त्याआधीचे काम आणखी स्वस्त आहे : मूळ नकाशे आणि देखभालीच्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी ताब्यात घेणे आणि ही यंत्रे चालवलेले तंत्रज्ञ आता निवृत्तीच्या वयात असतील, त्यांचे अनुभव ध्वनिमुद्रित करणे.