बी पडेपर्यंत थांबा

चंदीगडमध्ये सर्वांत आधी बांधला गेला तो सेक्टर २२. मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू या वास्तुविशारदांच्या काळातली घरं, त्यांच्यामागे अरुंद गल्ल्या. अशाच एका गल्लीत, बांधकामातून उरलेल्या खडी-मुरमात, छोटा कल्पा फुलला आहे. पाऊस भरपूर पडतो, पण त्या खडीत पाणी क्षणभर ठरत नाही. शहराच्या पोटात ते एक छोटं वाळवंटच. आपल्याकडच्या बरड माळावरची ही वर्षायू वनस्पती तिथं सुखानं नांदते.

कूळ भोकराचं. चंदीगडचे लोक भोकराला लसूडा म्हणतात आणि लोणच्यासाठी हौसेनं घेतात. त्याच्या या धाकट्या भाऊबंदाकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात याच कुळातली क्रिप्टँथा पाऊस झाला की उगवते आणि बी टाकून मरते. जगण्याची रीत तीच.

पानावरून बोट फिरवलं की खरखरतं. प्रत्येक केसाच्या बुडाशी पांढरट गाठ असते. फूल फिकट निळं, पुढे गुलाबीकडे झुकणारं आणि मान खाली घातलेलं. म्हणून संस्कृतात अधःपुष्पी. ते नीट पाहायला उकिडवं बसावं लागतं. आत परागकोशांचा टोकदार शंकू, शेंड्याला पीळ दिलेला. अंगाच्या थरथरीनं पराग झाडून घेणाऱ्या रानमधमाश्यांसाठीच ही घडण. फूल गळल्यावर त्याच्या बुडाची हिरवी निदलं मिटतात आणि आत चार टणक बिया पिकतात.

एक सांगून ठेवतो, याचा काढा करू नका. या प्रजातीत यकृताला घातक अल्कलॉइड असतात.

या शहरात वनस्पतितज्ज्ञ एम. एस. रंधावांनी फुलणारी झाडं रस्त्यागणिक निवडून लावून घेतली. ते काम मोठंच. पण झाड यंदा छाटलं तरी पुढल्या वर्षी फुलतं. वर्षायूची सगळी शिल्लक बियांत असते. फुलाच्या भरात गवत कापायचं यंत्र फिरलं, दोन-तीन हंगाम असंच झालं, की मातीतला साठा संपत जातो. तेव्हा हिरवळ खुशाल कापा, पण मागच्या गल्लीतली कड निदलं वाळून बिया झडेपर्यंत राहू द्या. कापणाऱ्याला कळावं म्हणून भोवती चार विटा मांडल्या तरी पुरे.